कुंकवाच्या रंगातला बारकोड

तांदळाच्या पाकिटावरचा बारकोड दुकानात वाचला जात नाही, असा वन्संचा फोन आला तेव्हा मी एका बारशाच्या पत्रिकेत मामांचा हुद्दा बदलत बसले होते. एक तर बारशाला छापील पत्रिका कशाला लागते हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यात गिऱ्हाईक समोर, त्याची बायको त्याच्या फोनवर, आणि वन्सं माझ्या फोनवर.

"वैनी, त्ये रेघांचं काय चालंना बगा."

"चालतंय, वन्सं. मी स्वतः मोबाईलवर बघितलंय."

"तुमच्या मोबाईलवर चालत आसंल. दुकानात न्हाई चालत. समदी पाकिटं बाजूला काढून ठिवलीत त्यांनी."

मी फोन ठेवला आणि गिऱ्हाइकावर खेकसले. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

माझं भोरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, भाडेकरार, सोसायटीच्या नोटिसा, ऑनलाईन अर्ज, जे येईल ते. एक कॉम्प्युटर आणि एक काळा प्रिंटर, एवढंच भांडवल. रंगीत छपाई माझ्याकडे होत नाही. मी डिझाईन करते, त्याची पीडीएफ काढते आणि बाजारपेठेतल्या एका जुन्या प्रेसला पाठवते. प्रेसचे मालक काका शांत माणूस. इतके शांत की त्यांच्याशी फोनवर बोलताना माझा रक्तदाब वाढतो.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वेल्ह्याच्या रस्त्याला मार्गासनी ओलांडली की डोंगराच्या अंगाला आत त्यांचं गाव आहे. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. लेक लग्न होऊन पुण्याला गेली. शेती त्या स्वतः बघतात, आणि गावातल्या बायकांच्या बचत गटाच्या अध्यक्षही त्याच आहेत. वयाने मोठ्या असूनही मला "वैनी" आणि "तुमी" म्हणतात. सुरुवातीला मला तो मान वाटायचा. नंतर कळलं की काम सांगायचं असलं की त्यांचं "वैनी" जरा जास्तच गोड होतं.

दरवर्षी भात निघालं, गिरणीतून तांदूळ होऊन आला, की एका व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा आणि गावातला इंद्रायणी पोत्यांनी भरून न्यायचा. पुढे तो कुठल्या नावाने विकला जातो हे कुणी विचारत नसे. मग एकदा वन्सं लेकीकडे गेल्या असताना तिने दुकानातून आणलेला तांदूळ शिजवला, आणि झाकण काढताच वन्संनी वास ओळखला. "आमच्या खाचरातला हाय ह्यो," म्हणाल्या. पाकिटावर भलत्याच गावाचं नाव होतं. त्या रात्री त्या नीट जेवल्या नाहीत असं भाचीने मला सांगितलं. तेव्हापासून त्यांनी मनात घेतलं की तांदूळ विकायचा तर आपल्या गटाच्या नावाने.

गटातल्या निम्म्या बायका तयार, निम्म्या कुरकुरत होत्या. वन्सं खनपटीलाच बसल्या. पाकिटं बंद करायची मशीन आली, लागणारे परवाने आले, बारकोडचा नंबरही रीतसर मिळाला. कामथडीजवळ हायवेला एक मोठं नवं किराणा दुकान झालंय, तिथल्या मॅनेजरला वन्सं जाऊन भेटल्या. तो म्हणाला, एक फळी देतो, पण पाकीट काउंटरवर मशीनने वाचलं गेलं पाहिजे, पोरी हाताने आकडे मारत बसणार नाहीत. संक्रांतीपर्यंत जमवा, नाहीतर फळी दुसऱ्याला जाईल. आणि फळी गेली की गटातल्या बायका उरलेला तांदूळ त्याच जुन्या टेम्पोत घालणार हे उघड होतं. टेम्पोवाला दोनदा चौकशी करूनही गेला होता.

म्हणजे सगळं घोडं माझ्या स्टिकरपाशी पेंड खात होतं.

स्टिकर मी मन लावून केला होता. वर हिरव्या अक्षरात तांदळाचं आणि गटाचं नाव, खाली काळ्यात बारीक मजकूर, आणि कोपऱ्यात बारकोड. प्रेसमधून छापून आला तेव्हा काळा रंग कुठेच नव्हता. जिथे जिथे काळं, तिथे तिथे कुंकवाचा रंग. मजकूर लाल, बारकोडच्या रेघाही लाल. मी चिडले, पण मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे शुभकार्याच्या छपाईत काळी शाई वापरत नाहीत. पत्रिका कुंकवाच्या रंगात, वास्तुशांत कुंकवाच्या रंगात, काळी शाई फक्त दशक्रियेच्या कार्डाला. काकांचं सगळं आयुष्य पत्रिका छापण्यात गेलेलं, त्यांचा हात आपोआप लाल डब्याकडे वळला असणार असं मी धरून चालले. मोबाईल बारकोडवर धरला, तर त्याने क्षणात वाचला. म्हटलं, दिसतंय बरं, वाचतंय बरं, उगाच कशाला वाद घाला. स्टिकर वेल्ह्याच्या एसटीने पाठवून दिले.

आणि आता हा फोन.

मी एक स्टिकर भिंगाखाली धरला, आणि मला चूक सापडली. निदान त्या दिवशी तसं वाटलं.

पीडीएफ काढताना कॉम्प्युटर एक खिडकी उघडतो. त्यात प्रिंटर मार्क्स नावाचा एक चौकोन असतो. त्यावर टिचकी मारली की पानाच्या कडांना बारीक रेघा येतात, गोलातल्या फुल्या येतात, रंगांच्या पट्ट्या येतात. हे सगळं छापणाऱ्यासाठी. कुठे कापायचं, एक रंग दुसऱ्यावर नीट बसलाय की नाही, हे त्याला कळावं म्हणून. गिऱ्हाइकाला ह्यातलं काही दिसता कामा नये, ते कापून टाकलेल्या कपट्यात जायला हवं. मी नेहमीप्रमाणे सगळ्या खुणांना होकार देऊन पीडीएफ पाठवली होती. काकांनी कागद वाया जाऊ नये म्हणून एका मोठ्या कागदावर स्टिकर एकमेकांना चिकटून मांडले. त्यामुळे एका स्टिकरच्या कापायच्या खुणा शेजारच्या स्टिकरच्या अंगावर गेल्या. त्यातली एक केसाएवढी रेघ नेमकी बारकोडच्या शेजारी येऊन बसली होती. बारकोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा लागते, नाहीतर रेघा कुठे सुरू होतात हे मशीनला कळत नाही. म्हटलं, हाच तो चोर.

मी खुणा काढून नवी पीडीएफ पाठवली. काकांचा फोन आला.

"ताई, ह्यात खुणा नाहीत."

"मुद्दाम काढल्यात, काका. त्या बारकोडमध्ये घुसतायत."

"मग मी कापू कुठे?"

"स्टिकर संपतो तिथे कापा."

"तो संपतो कुठे हे कळायलाच खुणा असतात ना?"

ह्याचा मला आणखीच राग आला. शेवटी सगळे स्टिकर मी स्वतःच एका मोठ्या पानावर मांडले, मधे बोटभर अंतर सोडलं, आणि खुणा फक्त पानाच्या बाहेरच्या कडेला ठेवल्या. ऐकायला सोपं वाटतं. पण कॉम्प्युटरने मांडणी एकदा उलटी केली, एकदा वीज गेली, आणि एकदा सगळं नीट झाल्यावर त्याने मला विचारलं की पान कागदाच्या मापात बसवू का. मी घाईत हो म्हटलं, तर सगळे स्टिकर आक्रसले, बारकोडच्या रेघा दाटीवाटीने उभ्या राहिल्या. पुन्हा पहिल्यापासून. तोवर बारशाच्या पत्रिकेतले मामा पुन्हा बदलून आले होते. मी पत्रिका त्याच अवस्थेत बाजूला टाकली.

नव्या स्टिकरांवर एकही आगंतुक रेघ नव्हती. रंग कुंकवाचाच होता, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. मोबाईलने पुन्हा झटकन वाचला. वन्संना फोन करून म्हटलं, आता बिनघोर जा.

त्या गेल्या. गावातून मार्गासनीपर्यंत कुणाच्यातरी गाडीवर मागे बसून, तिथून नसरापूरपर्यंत एसटीने, तिथून वडाप जीपने कामथडीला, मांडीवर पाकिटांची पिशवी घेऊन. आणि संध्याकाळी फोन आला.

"न्हाई चालत, वैनी."

"अहो, कसं नाही चालत?"

"त्या पोरीनं दहा डाव फिरवलं. वरून धरलं, खालून धरलं, पाकीट झटाकलं, फडक्यानं पुसलं. न्हाई वाजत. मागं मानसांची रांग लागलेली. मंग म्याच म्हनलं, ऱ्हाऊ दे बाई."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी भांडले असते. मी नुसतीच "हं" म्हणत राहिले, आणि फोन ठेवल्यावर आमच्या ह्यांनी सुचवलं, "मोबाईलवर चालतंय तर त्या दुकानवाल्यांना म्हणावं मोबाईल वापरा," तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रात्री त्यांना फक्त खिचडी मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घातलं आणि स्कूटी काढली. बरोबर तो स्टिकर घेतला, आणि माझ्याच काळ्या प्रिंटरवर त्याच पीडीएफची एक प्रत काढून घेतली. म्हटलं, दुकानाची मशीनच बिघडली असेल तर दोन्ही नापास होतील, आणि मग त्या मॅनेजरला चांगलीच सुनावीन. कापूरहोळपर्यंत मी त्याला काय काय बोलायचं ते तोंडपाठ केलं.

काउंटरवरची मुलगी शहाणी होती. मी आधी स्टिकर दिला. तिने हातातली बारकोड वाचायची गन त्याच्यावर धरली, लाल दिव्याची पट्टी रेघांवर पडली, काही नाही. पुन्हा धरली. काही नाही. मग मी साध्या कागदावरची काळी प्रत दिली. पीं! पहिल्याच फटक्यात. पडद्यावर बारकोडचा पूर्ण आकडा आला.

"मॅडम, हा चालतोय की," ती म्हणाली.

माझी तोंडपाठ भाषणं वाया गेली. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघत राहिले. तीच फाईल, तेच माप, तीच कोरी जागा. फरक एकच. एक काळा, एक लाल. आणि वर तो दिवा, लालभडक.

आम्ही लहान असताना गणपतीच्या आराशीतून उरलेला लाल जिलेटीनचा कागद डोळ्यांवर धरून जग बघायचो. त्यातून वहीत बघितलं की बाईंनी लाल पेनने मारलेल्या फुल्या नाहीशा व्हायच्या. गणिताची माझी वही त्या कागदातून फार छान दिसायची. लाल उजेडात लाल रेघ पांढऱ्या कागदासारखीच दिसते, म्हणजे दिसतच नाही. माझा मोबाईल साध्या उजेडात बघतो, त्याला लाल रेघ रेघच वाटते. दुकानातल्या मशीनला मात्र आमचा बारकोड म्हणजे नुसता कोरा कागद होता. त्या मुलीने दहा वेळा पुसला काय आणि शंभर वेळा झटकला काय.

इतके दिवस मी खुणांच्या मागे लागले होते आणि चोर समोर लाल कपडे घालून उभा होता. राग आला तो काकांचा. उलट्या पावली भोरला आले आणि थेट प्रेसमध्ये शिरले. काका चष्मा पुसत होते.

"काका, मी फाईलमध्ये काळा दिला असताना तुम्ही लाल का केला? तुमच्या पत्रिकांचे नियम तांदळाला कशाला लावता?"

त्यांनी चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं आणि नेहमीच्याच सुरात म्हणाले, "मी नाही लावले, ताई. मी काळाच छापणार होतो. तुमच्या नणंदबाई येऊन बसल्या इथे. म्हणाल्या, पाकिटावर काळा एक ठिपकासुद्धा नको, सगळं कुंकवाच्या रंगात पाहिजे. मला वाटलं तुमचं घरात बोलणं झालेलं असेल."

घरात काही बोलणं झालं नव्हतं.

मी तिथूनच तडक वेल्ह्याच्या रस्त्याला लागले. मार्गासनीपाशी फोनची रेंज गेली ते बरंच झालं, नाहीतर वाटेतच काहीतरी बोलून बसले असते. वन्सं पडवीत सुपात तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठायला लागल्या. मी पायरीवर बसले आणि चहा नको म्हणून आधीच सांगितलं.

"प्रेसमध्ये जाऊन काळं नको म्हणून तुम्ही सांगितलंत?"

"व्हय. म्याच सांगिटलं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी इच्यारलं आसतं का म्हून."

"विचारणारच ना! त्या रंगामुळेच मशीन वाचत नाहीये. मी खुणा काढतेय, घालतेय, डोळे फोडून घेतेय, तुम्ही त्या जीपमधून हेलपाटे मारताय, आणि घोळ सगळा रंगाचा. काळ्यात एवढं काय वाईट आहे? संक्रांतीला तर बायका हौसेनं काळ्या साड्या नेसतात."

"कोन नेसतं?" वन्संनी विचारलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग कुणा तिसऱ्याची हकीगत सांगावी तसं सांगायला लागल्या.

"मशीन आली त्या दिशी समाजमंदिरात पूजा केली आमी. अध्यक्ष म्या. नारळ म्या आनला, कुंकवाचा करंडाबी माज्याच घरचा. आन् मशीनला कुंकू लावायची येळ आली तवा समद्या येकमेकींकडं बगाया लागल्या. कुनी कायबी बोललं न्हाई हां, उगी कुनाला नावं ठिवायची न्हाईत. चांगल्या हायेत बायका. म्याच येकीला म्हनलं, लाव गं तू. आन् बाजूला सरले."

त्यांनी खाली ठेवलेल्या सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"आता पाकिटं देवीम्होरं ठिवायची, मंग दुकानात लावायची. म्हंजी परत त्येच. परत समद्या बगनार, परत म्या बाजूला सरनार. म्हून म्हनलं, कुंकू छापूनच येऊ दे. पाकिटाबरुबरच आलं की कुनी लावायचं न् कुनी न्हाई, ह्यो इषयच ऱ्हात न्हाई."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. गटातल्या बायकांवर? त्या तर खरंच काही बोलल्या नव्हत्या. मी स्वतः किती हळदीकुंकवाच्या आमंत्रणांची कार्डं छापली आहेत, आणि घरचं हळदीकुंकू किती वेळा केलंय. वन्संना बोलावणं जात नाही हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं, आणि आम्ही दोघी त्या दिवसांत फोनवर पावटे आणि तीळ काय भाव मिळाले ह्यावर बोलायचो.

"पण काळ्याशिवाय ते वाचणार नाही, वन्सं," मी म्हटलं. आवाज माझा मलाच चोरटा वाटला.

"मंग करा काळं," त्या लगेच म्हणाल्या. "तांदूळ जायला पायजे. आपल्या नावानं गेला म्हंजी झालं."

त्या इतक्या पटकन तयार झाल्या की मलाच नको झालं. त्यांनी भांडायला हवं होतं. सूप पुन्हा मांडीवर घेऊन त्या तांदूळ निवडायला लागल्या, आणि मी हातातल्या काळ्या प्रतीकडे बघत बसले. दुकानात वाजलेली, पास झालेली प्रत. तिच्याकडे बघून आनंद होत नव्हता. लाल काढून टाका, म्हणजे सगळं सुरळीत होईल. असं कसं? त्या दिव्याला लाल दिसत नाही म्हणून आमचं कुंकू पुसायचं?

आणि तिथे माझी ट्यूब पेटली. दिव्याला लाल दिसत नाही. म्हणजे रेघा लाल असल्या तर पंचाईत. पण रेघा काळ्याच असल्या आणि त्यांच्या मागचा कागद लाल असला तर? त्याला तो लाल कागद पांढराच वाटणार. काळ्या रेघा दिसणार. मग मागे कितीही कुंकू असलं तरी त्याचं काय बिघडणार आहे?

"वन्सं, करंडा आणा."

"आता कशाला?"

"आणा तर खरं."

त्यांनी देवघरातून पितळेचा करंडा आणला आणि माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतले. काळी प्रत पायरीवर पसरली आणि बारकोडवर बोट ठेवलं.

"ह्याच्यावर कुंकू लावा. रेघांवर, बाजूला, सगळीकडे. चांगलं चोळा."

"तुमीच लावा की."

"मी नाही. तांदूळ तुमचा, गट तुमचा. तुम्ही लावा."

त्यांनी पडवीतून बाहेर रस्त्याकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग चिमूटभर कुंकू घेऊन त्यांनी त्या बारकोडवर बोट फिरवलं. आधी बिचकत, हलक्या हाताने. मी म्हटलं, "अजून." त्यांनी अजून घेतलं. कागद लालेलाल झाला. पदराने वरचं सुटं कुंकू पुसून टाकलं, तेव्हा लालातून काळ्या रेघा स्पष्ट दिसायला लागल्या. त्यांच्या बोटाला लागलेलं कुंकू त्यांनी बराच वेळ तसंच राहू दिलं.

ही युक्ती चालणारच असं मला मुळीच वाटत नव्हतं. एवढे दिवस ह्या कामात जे जे चालेल असं वाटलं ते ते चाललं नव्हतं. पण थांबण्याइतका धीर आम्हा दोघींना नव्हता. वन्संनी पायात चपला घातल्या, कागद दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून मांडीवर धरला, आणि माझ्या मागे स्कूटीवर बसल्या. नसरापूर येईपर्यंत "सावकाश, वैनी" ह्यापलीकडे त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

काउंटरवर तीच मुलगी होती. तिने कागद हातात घेतला आणि तिची बोटं लाल झाली.

"मॅडम, ह्याला काय लागलंय?"

"कुंकू," मी म्हटलं. "तू वाच."

मागे रांगेत एका गृहस्थांनी मोठा सुस्कारा सोडला. मी वळून त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी दुसरा सोडला नाही. मुलीने गन धरली. लाल पट्टी कुंकवावर पडली.

पीं!

"परत," मी म्हटलं. पीं! आकडा तोच. मी तिथूनच काकांना फोन लावला आणि सांगितलं की बारकोडच्या रेघा काळ्या, पण त्यांच्यामागे मोठा चौकोन कुंकवाचा, आणि बाकी सगळा मजकूर पहिल्यासारखाच कुंकवाच्या रंगात. सुधारलेली फाईल उद्या सकाळी पाठवते. मग काकांनी विचारलं, "आणि खुणांचं काय करायचं?" मी फोन बंद केला.

वन्सं त्या गनकडे बघत होत्या. "चाललं कसं त्ये?" त्यांनी विचारलं. "काल लाल व्हतं तर वाजंना, आताबी लालच हाय."

"त्याचा दिवा लाल आहे ना, म्हणून त्याला लाल रंगच दिसत नाही," मी सांगितलं. "फक्त काळं दिसतं. कुंकू लावलं काय आणि नाही लावलं काय, त्याला सगळं सारखंच."

वन्संनी हात पुढे केला. त्या मुलीने काय समजायचं ते समजून गन त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, दिव्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

"बरं हाय की मंग," त्या म्हणाल्या. "येकाला तरी दिसत न्हाई, हाय का न्हाई त्ये."

आणि त्यांनी ती कुंकवावर धरून स्वतःच बटण दाबलं.